घंटी वाजवत मागितलेला रस्ता

सायकल येते का, असं विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. मग चालवत का नाही, असं विचारलं की उत्तर येतं, "या ट्रॅफिकमध्ये? नको रे बाबा!" पुणे, नाशिक, ठाणे, कोल्हापूर, कुठेही विचारा. हे उत्तर भित्रेपणाचं समजून सोडून दिलं जातं. पण शहराचे रस्ते सुरक्षित करायचे असतील, तर सुरुवात या "नको रे बाबा"पासूनच करावी लागते.

अमेरिकेतल्या पोर्टलंड महापालिकेचे सायकल समन्वयक रॉजर गेलर यांनी २००६च्या सुमारास आपल्या शहरातल्या लोकांची चार गटांत ढोबळ विभागणी केली. कुठल्याही रस्त्यावर बेधडक सायकल घालणारे एक टक्क्याहूनही कमी. सायकलसाठी पट्टी आखलेली असेल तर आनंदाने चालवणारे सात टक्के. सायकलशी काहीच देणंघेणं नसलेले तेहतीस टक्के. आणि उरलेले साठ टक्के म्हणजे "आवडेल, पण भीती वाटते" असं सांगणारे. हे आकडे गेलर यांनी अनुभवावरून बांधलेला अंदाज होता. पुढे जेनिफर डिल या संशोधिकेने रीतसर पाहणी केली, तेव्हाही हाच गट सगळ्यांत मोठा, निम्म्याहून जास्त निघाला.

एवढा मोठा गट असूनही तो कुणाला दिसत नाही. वाहतूक विभाग रस्त्यावर उभं राहून सायकली मोजतो, त्यात घरी थांबलेला माणूस धरला जात नाही. मोजणीत सायकली कमी भरल्या की "इथे गरजच नाही" असा शेरा पडतो. घाबरलेल्या माणसालाही आपल्यासारखे आणखी किती आहेत हे ठाऊक नसतं. प्रत्येकाला वाटतं, ही आपली एकट्याचीच अडचण आहे. अशा विखुरलेल्या माणसांना एका सकाळी, एका रस्त्यावर, एकमेकांच्या शेजारी आणण्याचं काम सामूहिक सायकल फेरी करते. या प्रकरणात अशा काही फेऱ्यांची हकिगत आहे आणि त्यांच्यामुळे रस्ते खरोखर कसे बदलले, कुठे अडले, याचीही.

फेरी चालते कशी

चांगली फेरी बाहेरून सहज दिसते, पण तिच्यामागे बरीच आखणी असते. जमण्याची वेळ आणि निघण्याची वेळ यांत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर ठेवलेलं असतं. त्या वेळात स्वयंसेवक प्रत्येक सायकलपाशी जातात. टायर अंगठ्याने दाबून हवा बघतात, दोन्ही ब्रेक ओढून पाहतात, चेन सैल असेल तर तिथेच ताणून देतात. वर्षानुवर्षं गॅलरीत पडून असलेली सायकल घेऊन आलेल्या माणसाची निम्मी धास्ती इथेच कमी होते.

सगळ्यांत पुढे रस्ता माहीत असलेला एक जण असतो आणि त्याने वेग वाढवायचा नसतो. ताशी दहा-बारा किलोमीटर पुरे. वेग ठरवायचा तो सगळ्यांत मागे पडणाऱ्या लहान मुलाने किंवा आजोबांनी. शेवटी पंप आणि पंक्चरचं सामान घेतलेला एक जण असतो. त्याच्या मागे कुणीही राहता कामा नये, हा नियम. मधले स्वयंसेवक चौकांसाठी. गट चौकातून जात असताना दोघं-तिघं आडव्या रस्त्याच्या तोंडाशी सायकल घेऊन उभे राहतात, थांबलेल्या वाहनचालकाकडे बघून हात हलवतात, शेवटची सायकल गेली की आभार मानून निघतात. जिथे पोलिसांची परवानगी मिळते, तिथे हे काम पोलीस करतात. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे उजवीकडची वळणं कमीत कमी येतील असा मार्ग निवडावा लागतो. पाच-सहा किलोमीटरनंतर फेरी अशा ठिकाणी संपवावी की जिथे चहा मिळेल, बसता येईल आणि बोलता येईल.

ही शिस्त महाराष्ट्राला नवी नाही. दिंडीत म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया सगळ्यांबरोबर चालतात, कारण चाल समूहाची असते. नाशिक आणि पुण्यातून सायकलवर पंढरपूरला जाणाऱ्या वाऱ्या निघतात, त्यांतही मागच्याला सोडून पुढे जायचं नाही हेच पाळलं जातं.

गटाने चालवलं की सुरक्षित वाटतं, हा नुसता भास आहे का? पीटर जेकबसन या संशोधकाने २००३ मध्ये वेगवेगळ्या शहरांची आणि देशांची आकडेवारी तपासली. चालणारे किंवा सायकल चालवणारे दुप्पट झाले तरी त्यांचे अपघात दुप्पट होत नाहीत, साधारण एक तृतीयांशाने वाढतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे एकेका माणसाचा धोका तेवढाच, एक तृतीयांशाने, उतरतो. सायकली नेहमी दिसू लागल्या की चालकाची नजर त्यांना सरावते, असा त्यांचा तर्क होता. अर्थात रस्ते सुरक्षित असतात म्हणून तिथे सायकली जास्त येतात, हेही तितकंच खरं असू शकतं. कारण कुठलंही धरा, एकट्या सायकलस्वाराला सगळ्यांत जास्त धोका असतो आणि फेरी त्याचं एकटेपण निदान काही तासांसाठी संपवते.

बोगोताचा रविवार

कोलंबियाची राजधानी बोगोता. रविवार, १५ डिसेंबर १९७४. अमेरिकेत वास्तुकलेचं शिक्षण घेऊन परतलेल्या हाइमे ओर्तीस मारिन्यो यांनी काही सायकलप्रेमींना घेऊन महापालिकेकडे मागणी केली होती की शहरातले दोन मुख्य रस्ते काही तास मोटारींना बंद ठेवावेत. परवानगी मिळाली आणि सुमारे पाच हजार माणसं सायकली घेऊन त्या रस्त्यांवर आली. मोटारी वाढत चालल्या आहेत, हवा बिघडते आहे आणि साध्या माणसाला रस्त्यावर जागा उरलेली नाही, हे त्यांचं म्हणणं होतं.

ही फेरी तिथेच संपली असती तर आज कुणाच्या लक्षात राहिली नसती. पण आयोजकांनी पाठपुरावा सोडला नाही आणि १९७६ मध्ये महापौर लुईस प्रिएतो ओकाम्पो यांच्या कारकिर्दीत रविवारच्या या उपक्रमाला सरकारी हुकमाने मान्यता मिळाली. 'सिक्लोव्हिया' हे त्याचं नाव. मधली काही वर्षं तो मरगळला, १९८०च्या दशकात पुन्हा उभारी धरली आणि १९९०च्या दशकात गिल पेन्यालोसा यांच्याकडे उद्यानं आणि क्रीडा विभागाची सूत्रं आल्यावर त्याचा पसारा कैक पटींनी वाढला. आज दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ते माणसांसाठी मोकळे असतात. रुंद रस्त्यांवर दुभाजकाच्या एका बाजूला सायकली, धावणारे, बाबागाड्या ढकलणारे आईबाप असतात, तर दुसऱ्या बाजूने वाहनं चालू राहतात. आडव्या चौकांत गणवेशातले तरुण 'थांबा'ची पाटी घेऊन उभे असतात आणि आळीपाळीने दोघांनाही वाट करून देतात. कडेला हवा भरणारे, पंक्चर काढणारे, फळांचा रस विकणारे बसतात.

सिक्लोव्हियाचं खरं देणं पुढे आहे. दर रविवारी आपल्या मुलाला मुख्य रस्त्यावर सायकल शिकवणाऱ्या पालकाला सोमवारी तोच रस्ता वेगळा दिसू लागतो. रस्ता म्हणजे फक्त मोटारींची जागा, हा समज एकेका घरात ढिला पडत जातो. १९९८ मध्ये गिल यांचे भाऊ एन्रिके पेन्यालोसा महापौर झाले. त्यांनी फुटपाथवरची मोटारींची पार्किंग हटवली आणि कायमच्या सायकल मार्गांचं मोठं जाळं बांधायला घेतलं. त्यांना विरोध कडवा झाला, पदावरून दूर करण्याचीही मोहीम निघाली. तरीही काम उभं राहिलं, कारण या शहरातल्या दोन पिढ्यांनी मोकळा रस्ता स्वतः अनुभवलेला होता.

सॅन फ्रान्सिस्कोतला शुक्रवार

दुसरी हकिगत वेगळ्या स्वभावाची आहे. २५ सप्टेंबर १९९२च्या शुक्रवारी संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोत पन्नासेक माणसं कामावरून सुटल्यावर एकत्र सायकलने घरी निघाली. पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या शुक्रवारी पुन्हा. या फेरीला 'क्रिटिकल मास' हे नाव पडलं ते चीनमधल्या रस्त्यांच्या एका वर्णनावरून. तिथे सिग्नल नसलेल्या चौकात सायकलस्वार थांबून राहत, पुरेशी गर्दी जमली की सगळे मिळून रस्ता ओलांडत. या फेरीला नेता नव्हता, परवानगी नव्हती, ठरलेला मार्गही नसे. कुणीही झेरॉक्स काढून मार्गाचा नकाशा वाटावा, ज्याचा सगळ्यांना पटेल तो धरावा. ही कल्पना काही वर्षांतच जगभरच्या शेकडो शहरांत पोचली. हंगेरीची राजधानी बुडापेस्ट इथे तर तिने हजारोंच्या, पुढे दशसहस्रांच्या जमावाचं रूप घेतलं. तिथे फेरीच्या शेवटी सगळे जण एकाच वेळी सायकली डोक्यावर उचलून धरतात.

पण सॅन फ्रान्सिस्कोत जुलै १९९७ मध्ये हाच जोर उलटला. महापौर विली ब्राउन आणि सायकलस्वार यांच्यात जाहीर खडाजंगी झाली होती, त्या महिन्याच्या फेरीला सुमारे पाच हजार माणसं लोटली, वाहतूक कोंडली, चालक आणि सायकलस्वार हातघाईवर आले आणि शंभराहून अधिक जणांना अटक झाली. घरी पोचायला उशीर झालेल्या बसमधल्या माणसाच्या मनात त्या संध्याकाळी सायकलबद्दल प्रेम वाढलं असेल, असं कुणीही म्हणणार नाही. दुसरीकडे, याच काळात शहरातल्या सायकल संघटनेची सभासद संख्या झपाट्याने वाढली. या सभासदांनी महापालिकेच्या बैठका गाठल्या, एकेका रस्त्याचा आराखडा हातात घेतला. १९९९ मध्ये व्हॅलेन्सिया रस्त्यावर चार मार्गिकांपैकी दोन कमी करून सायकलपट्ट्या आखल्या गेल्या, आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी तिथल्या सायकली दुपटीहून जास्त झाल्या. गर्दीने प्रश्न ऐरणीवर आणला हे मान्य करायला हवं. पट्टी मात्र आखली गेली ती बैठकांत चिकाटीने बसणाऱ्यांमुळे.

ब्लोअर रस्त्याच्या घंट्या

फेरी आणि पाठपुरावा यांची सांगड कशी घालावी, याचं सगळ्यांत शिकण्यासारखं उदाहरण मला कॅनडातल्या टोरांटो शहरात दिसतं. तिथला ब्लोअर रस्ता पूर्व-पश्चिम, सरळ आणि बराचसा सपाट. विद्यापीठाला लागून जातो, दोन्ही बाजूंना दुकानं आहेत आणि १९६६ पासून खालून भुयारी मेट्रो धावते. मोटारीला पर्याय असलेला हा रस्ता सायकलींसाठी योग्य आहे, असं १९९२ मध्ये एका अभ्यासानेही सांगितलं होतं. अहवाल कपाटात गेला. रस्त्यावर मात्र दोन्ही कडांना मोटारी उभ्या असत, अचानक उघडलेल्या दारावर सायकलस्वार आदळत.

२००७ मध्ये काही नागरिकांनी 'बेल्स ऑन ब्लोअर' नावाची फेरी काढली. पर्यावरणाच्या प्रश्नांवर काम करणारे वकील अल्बर्ट कोल हे तिच्या पुढाकार घेणाऱ्यांपैकी एक. फेरीची कल्पना साधी होती: कुटुंबासह या, हळू चालवा आणि ब्लोअरवरून जाताना घंटी वाजवा. घोषणा नाहीत, शिव्याशाप नाहीत. कडेच्या फुटपाथवरचे लोक हात हलवत. पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. शेकडोंची संख्या हजारोंवर गेली. या फेरीची मागणी पहिल्या दिवसापासून एकच होती: या रस्त्यावर सायकल मार्ग. शहरभर हे करा, ते करा अशी लांबलचक यादी कधी नव्हती.

अडचण होती दुकानदारांची. पार्किंग गेलं की गिऱ्हाईक जाईल, ही भीती खरीखुरी असते, तिची टिंगल करून काही साधत नाही. तिथे २००९ मध्ये एका संस्थेने ब्लोअरच्या एका भागातल्या दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांच्याही पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. मोटारीने येणारी गिऱ्हाइकं जेमतेम दहा टक्के निघाली. चालत आणि सायकलने येणारी माणसं वरचेवर येत होती आणि महिन्याकाठी खर्चही जास्त करत होती. हे कळल्यावर दुकानदारांशी बोलण्याचा सूरच बदलला.

४ मे २०१६ रोजी टोरांटोच्या नगरपरिषदेने ३८ विरुद्ध ३ मतांनी प्रायोगिक मार्गाला मान्यता दिली. लांबी अवघी २.४ किलोमीटर. काही ठिकाणी उभ्या मोटारींची रांगच सायकल आणि वाहतूक यांच्यामधली भिंत बनवली, बाकी ठिकाणी लवचीक खांब ठोकले. मग वर्षभर मोजणी झाली. सायकली ४९ टक्क्यांनी वाढल्या. थोडक्यात टळलेल्या धडका ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. दुकानांत येणारी माणसं आणि त्यांचा खर्च वाढला. मोटारींचा प्रवास काही मिनिटांनी लांबला, तेही अहवालात उघड मांडलं गेलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये ३६ विरुद्ध ६ मतांनी मार्ग कायम झाला आणि पुढच्या काही वर्षांत तो दोन्ही दिशांना वाढला.

गोष्ट इथे संपत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ओंटारिओच्या प्रांतिक सरकारने कायदा करून ब्लोअरसह टोरांटोच्या तीन रस्त्यांवरचे सायकल मार्ग उखडण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. माणसं पुन्हा सायकली घेऊन रस्त्यावर उतरली, 'सायकल टोरांटो' ही संघटना न्यायालयात गेली. ३० जुलै २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की मार्ग काढल्याने माणसांच्या जिवाला धोका वाढेल, आणि हे जीविताच्या घटनादत्त हक्काचं उल्लंघन आहे. सरकारने अपिलाची वाट धरली. सॅन फ्रान्सिस्कोत याच्या उलट घडलं होतं. तिथे पर्यावरणीय छाननी झाली नाही म्हणून २००६ मध्ये न्यायालयाने सायकल आराखडाच थांबवला आणि २०१० पर्यंत काम ठप्प राहिलं. मिळालेला रस्ताही जपावा लागतो आणि त्यासाठी पहिल्या दिवशी जमलेली माणसं दहा-पंधरा वर्षांनीही एकमेकांच्या संपर्कात असावी लागतात. वर्षाला एकदा निघणारी फेरी ही गाठ टिकवते.

टोरांटोत आणखी एका प्रकारची फेरी निघते. सायकलस्वाराचा रस्त्यावर मृत्यू झाला की लोक ब्लोअर आणि स्पडायना या चौकाजवळच्या छोट्या बागेत जमतात, सावकाश अपघाताच्या जागी जातात आणि पांढरी रंगवलेली एक सायकल तिथे बांधून ठेवतात. अपघाताची बातमी दुसऱ्या दिवशी जुनी होते. ती पांढरी सायकल महिनोन्‌महिने त्या रस्त्याकडे बोट दाखवत राहते.

शाळेला निघालेली फेरी

अलीकडच्या काळातली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी फेरी मुलांची आहे. स्पेनमधल्या बार्सेलोनात २०२१च्या शरद ऋतूत, आइशाम्प्ल या भागात, पालकांनी दर शुक्रवारी मुलांना एकत्र सायकलने शाळेत न्यायला सुरुवात केली. ठरलेला मार्ग, ठरलेले थांबे, ठरलेली वेळ. आपला थांबा आला की मूल सामील होतं, म्हणून नाव 'बिसीबुस', म्हणजे सायकलची बस. पुढच्या वर्षी पोर्टलंडमध्ये सॅम बाल्टो या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने आपल्या शाळेत हेच सुरू केलं. लोकांचा पाठिंबा इतका वाढला की २०२३ मध्ये ऑरेगन राज्याने कायदा बदलला आणि शाळेच्या वाहतुकीचा निधी अशा सायकल-बसवरही खर्च करायची मुभा शाळांना मिळाली.

मुलांच्या फेरीपुढे वाद फार टिकत नाही. सात वर्षांची मुलगी ज्या रस्त्यावरून शाळेत जाऊ शकत नाही तो रस्ता चुकीचा बांधलेला आहे, हे वाहतुकीचं शास्त्र न शिकलेल्या माणसालाही पटतं.

आपल्या रस्त्यांसाठी

भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. २०११च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की आपलं काम किती मोठं आहे ते कळतं. काही तास रस्ते मोटारींना बंद ठेवून माणसांना मोकळे करण्याचे प्रयत्न झालेले आहेत. गुरुग्राममध्ये नोव्हेंबर २०१३ पासून 'राहगिरी', मुंबईत वांद्रे-सांताक्रूझ भागात २०१४ मध्ये 'इक्वल स्ट्रीट्स', पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर केला. पण आखलेल्या सायकल ट्रॅकवर दुचाक्या उभ्या राहतात, मध्येच विजेचा डीपी येतो, चौकाच्या अलीकडे ट्रॅक अचानक संपतो. कागदावरच्या आराखड्याला रस्त्यावर वाली नसला की असंच होतं.

आपल्याकडे सायकल फेऱ्यांना तोटा नाही. रविवारी पहाटे हेल्मेट घालून, महागड्या सायकली घेऊन घाटात जाणारे गट प्रत्येक शहरात आहेत. त्यांची तब्येत सुधारते, ते चांगलंच आहे. पण शहराच्या रस्त्याला त्याचा उपयोग तेव्हाच होईल, जेव्हा हे गट सोमवारच्या सायकलस्वाराला सोबत घेतील. भोसरीच्या किंवा सातपूरच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेला कामगार, कॅरिअरला डबा लावलेला वॉचमन, पेपर टाकणारा मुलगा, शाळेत जाणारी आठवीतली मुलगी, ही माणसं फेरीत दिसली पाहिजेत. त्यासाठी फेरीची वेळ त्यांना जमेल अशी हवी आणि मार्ग ते रोज ज्या रस्त्याने जातात तोच हवा. सायकलीवाचून ज्यांचा दिवस चालत नाही, त्यांच्याविना झालेली मागणी ही हौशी लोकांची मागणी ठरते आणि तशीच फेटाळली जाते.

पुढचं काम कंटाळवाणं आहे, पण तेच निर्णायक आहे. फेरीच्या आधी आणि नंतर त्या रस्त्यावर सकाळी-संध्याकाळी उभं राहून सायकली, पादचारी, शाळकरी मुलं मोजायची. दुकानदारांशी बोलून त्यांच्या गिऱ्हाइकांची पाहणी करायची. पुण्यासारख्या महापालिकेत अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवली जातात. तो अर्ज क्षेत्रीय कार्यालयात वेळेत द्यायचा. काम का झालं नाही हे माहितीच्या अधिकारात विचारायचं. निवडणुकीच्या आधी प्रत्येक उमेदवाराला एकदा तरी त्या रस्त्यावरून सायकलने न्यायचं, जेणेकरून निवडून आलेल्याला ही गोष्ट अंगाने माहीत असेल.

म्हणून पुढच्या फेरीच्या पत्रकावर "सायकल चालवा, पर्यावरण वाचवा" एवढंच लिहून थांबू नका. रस्त्याचं नाव लिहा, कुठल्या चौकापासून कुठल्या चौकापर्यंत ते लिहा, तिथे काय हवं ते एका ओळीत लिहा. फेरीच्या शेवटी त्या ओळीखाली सगळ्यांच्या सह्या घ्या आणि दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडलं की पोच घेऊन तो अर्ज द्या. ती मागणी मान्य होईपर्यंत दर वर्षी त्याच रस्त्यावर फेरी काढा आणि मान्य झाल्यावर तिची राखण करायलाही काढत राहा. टोरांटोच्या माणसांना २.४ किलोमीटरसाठी नऊ वर्षं लागली. आपल्याला कदाचित जास्त लागतील, पण ज्या शहरात आपली मुलं वाढणार आहेत, त्या शहरासाठी एवढा चिवटपणा आपल्यात नक्कीच आहे.